आईच्या पाटावर

माझी आई वर्षातून एकदा आमच्याकडे जेवायला यायची. एरवी ती नव्हतीच. मी नीट बोलायला लागण्याआधीच ती गेली होती. पण भाद्रपदातल्या पितृपक्षात, अविधवा नवमीला, ती यायची, पाटावर बसायची, पोटभर जेवायची आणि हात धुऊन निघून जायची.

सई आणि नील, तुम्ही माझी नातवंडं तिकडे परदेशात वाढलेली, तुम्हाला ही रीत माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून आधी तेवढी सांगून टाकते. नवरा हयात असताना जी बाई जाते तिची आठवण नवमीला करतात. त्या दिवशी तिच्या नावानं एखादी सवाष्ण, म्हणजे जिचा नवरा आहे अशी बाई, घरी जेवायला बोलवायची, तिची ओटी भरायची, तिला साडी द्यायची. एवढं बऱ्याच घरांत असतं. आमच्या घरात आणखी थोडं होतं. ती बाई पाटावर बसली की हात धुवेपर्यंत तिला तिच्या नावानं हाक मारायची नाही. तेवढा वेळ ती मथू, म्हणजे माझी आई. मथूला जे आवडायचं तेच तिला वाढायचं. जेवण होत आलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारायचे, "काही राहिलं का?" पाटावरच्या बाईनं म्हणायचं, "काही राहिलं न्हाई." मगच घरातल्यांची पानं मांडायची. हे कुठून आलं असं मी जांबच्या आत्याला एकदा विचारलं होतं. जांब समर्थला दिलेली ही अण्णांची मोठी बहीण पितृपक्षात पंधरा दिवस आमच्याकडे येऊन घर ताब्यात घ्यायची. ती म्हणाली, "आपल्यात असंच करतेत." त्यापुढे विचारायची सोय नव्हती.

गेल्या महिन्यात नील मला फोनच्या पडद्यावरून म्हणाला, "आजी, तू जालन्याची, मग चायनाची हिस्टरी का शिकलीस?" हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. परदेशातल्या परिषदांमध्ये चहाच्या कपाबरोबर विचारला गेला, दिल्लीत माझ्या विद्यार्थ्यांनी विचारला, नेमणुकीच्या मुलाखतीत तर पहिलाच तो असायचा. मी दर वेळी एक नीटनेटकं उत्तर द्यायची: दोन जुन्या शेजारी संस्कृती, तुलनेचं महत्त्व वगैरे. ते उत्तर खोटं नव्हतं, पण ते मी मागाहून शिवलेलं होतं. खरं उत्तर बदनापूरच्या घरात, एका पाटावर आहे. ते आता लिहून ठेवते. खिडकीखालून एमआयडीसीकडे जाणारे सळयांचे ट्रक खडखडत असतात, तेवढा आवाज सोडला तर मला इथे जालन्यात लिहायला निवांतपणा आहे.

बदनापूरला आम्ही स्टेशनाच्या पलीकडच्या अंगाला राहायचो. अण्णा शेतीसंशोधनाच्या सरकारी फार्मवर बियाण्यांचं काम बघायचे. घराच्या एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला फार्मचे तुकडे. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज एकीकडून यायचा आणि कणसं भरली की पाखरं हाकलणाऱ्या बायकांचे डबे बडवल्याचे आवाज दुसरीकडून. आमची जेवणं साधी, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचं तिखट. आत्या आली की मात्र घराचा वासच बदलायचा. तिळाची चटणी, वडे, कढी, आणि नवमीला राळ्याची खीर, कारण मथूला ती आवडायची. राळे तुम्ही पाहिले नसतील. मोहरीएवढं पिवळं धान्य असतं. तुमच्याकडे पक्ष्यांच्या खाण्याच्या पाकिटात मिळतं असं तुमच्या बाबानं मला सांगितलं आणि मला जरा वाईट वाटलं.

आईच्या पाटावर बसायला यायची ती गोदाकाकू. तिचा नवरा स्टेशनवर रूळ बदलणारा पॉइंट्समन होता आणि आमच्या मागच्या दाराला तिचं मागचं दार लागून होतं. ती आणि आई मैत्रिणी होत्या, म्हणून तिला बोलवायचं ठरलं असावं. एरवी गोदाकाकू माझे अजिबात लाड करायची नाही. "एऽ विमे, पेरूला हात लावलास तर बघ! तुझ्या बापानं लावलंय का झाड?" हे तिचं रोजचं बोलणं. पण नवमीला नवी साडी नेसून, कपाळभर कुंकू लावून ती पाटावर बसली, की माझ्याकडे बघण्याची तिची नजरच वेगळी व्हायची. मी तिला चिकटून बसायची. ती उजव्या हातानं जेवायची आणि डावा हात माझ्या पाठीवर ठेवायची. मी वर्षभर साठवलेलं तिच्या कानात सांगायची: शाळेत कोण मारतं, दात कसा पडला, अण्णा कसे चहात भाकरी बुडवतात. ती हळूच म्हणायची, "हो का गं राणी? मंग?" तो आवाज गोदाकाकूचाच होता, हे मला कळायचं. आणि तो आईचा होता, हेही मला कळायचं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, यात लहानपणी मला काही अवघड वाटलं नाही. मोठेपणी मी या विषयावर जाड पुस्तक लिहिलं तेव्हा अवघड वाटलं.

जेवण झालं की ती हात धुवायची आणि लगेच म्हणायची, "हं, सर आता, गाय सोडायचीय मला." मी मागच्या दारात बसून रडायची. आत्या म्हणायची, "काय बाई ही पोर, जेवायला आलेल्या पाव्हणीला जाऊबी देत न्हाई."

आईबद्दल घरात एरवी कुणी बोलायचं नाही. पोर रडेल म्हणून. तिचा फोटो नव्हता. ती कशी दिसायची, कशी चालायची, कशावर चिडायची, मला काहीच माहीत नव्हतं. तिला राळ्याची खीर आवडायची, एवढं एकच माहीत होतं.

अण्णा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. फार्मवरच्या बियाण्यांच्या पिशव्यांवर ते नावं उर्दूत लिहायचे, उजवीकडून डावीकडे, झरझर. पण फार्मवर येणारी पुस्तकं इंग्रजीत. म्हणून मला त्यांनी जालन्याला इंग्रजी शाळेत घातलं, रोज गाडीनं जायचं आणि गाडीनं यायचं. संध्याकाळी दिवा लावला की मी मोठ्यानं इंग्रजी वाचायचं, मराठीत अर्थ सांगायचा आणि त्यांनी ऐकायचं. असंच एकदा धान्यांवरचं एक जाडं पुस्तक वाचत होतो. त्यात राळ्यावर एक प्रकरण होतं. चीनमध्ये पीत नदीच्या काठी जी पहिली गावं वसली, ती हे धान्य पिकवून जगली, असं त्यात लिहिलं होतं. जमिनीखाली मडकी सापडली आणि मडक्यांत हेच दाणे. मडक्याचं चित्रही होतं, चुन्याच्या डबीएवढं.

अण्णा म्हणाले, "म्हणजे आपलं राळं तिकडलं?"

"बहुतेक तिकडूनच सगळीकडे गेलं असावं, असं लिहिलंय."

"बघ की! मंग चिनी लोक आपले पाव्हणेच निघाले."

ते मनापासून हसले. मी मात्र ते चित्र सोडीना. मला सारखं वाटत राहिलं, हजारो वर्षांपूर्वी एखाद्या घरात मडक्यात खीर शिजली असेल, तर ती कुणाला आवडत असेल? आणि त्या माणसाबद्दल तेवढं एकच कुणाला माहीत असेल का? नील, हे तुझ्या प्रश्नाच्या उत्तराचं पहिलं टोक.

पुढे कॉलेजात मी इतिहास घेतला. आमच्या सरांना माझं हे खूळ ठाऊक होतं. चीनशी लढाई होऊन काही वर्षं झाली होती आणि सरकारलाच चिनी भाषा येणारी माणसं हवी होती, म्हणून दिल्लीच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती देऊन ती भाषा शिकवायची सोय झाली होती. सरांनी माझं नाव पाठवलं, मी मुंबईला जाऊन मुलाखत दिली आणि निवडले गेले. दसऱ्यानंतर हजर व्हायचं होतं. गावात बातमी पसरली. स्टेशनवर मुलं "चिनीबाई, चिनीबाई" म्हणून ओरडायची. आत्याला तर काही समजेचना. "चिन्यांची भाषा शिकून काय करणार गं तू? लढाईवर जाऊन त्यांना शिव्या देणारेस का?" मी सांगितलं की मला आजच्या नाही, फार जुन्या चिन्यांबद्दल शिकायचंय. ती म्हणाली, "म्हणजे मेलेल्यांशी बोलायला! त्याला दिल्ली कशाला लागती?"

त्याच सुमाराला परभणीचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा डॉक्टर, माणसं चांगली. त्यांना दिवाळीआधी उत्तर हवं होतं. दोन्हींचं उत्तर अण्णांच्या हातात होतं, आणि अण्णा म्हणत होते, "बघू." ते नाही म्हणत नव्हते. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. ते सकाळी फार्मवर जाताना "बघू" म्हणायचे आणि संध्याकाळी आल्यावर माझ्याकडे नुसतं बघायचे. त्यांना दुसरं कुणी नव्हतं. मी गेले की त्या घरात दिवा लावून इंग्रजी वाचून दाखवणारं कुणी राहणार नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मला जायचं होतं. तहान लागावी तसं मला जायचं होतं.

त्या उन्हाळ्यातच गोदाकाकूचा नवरा वारला. त्या दुःखात मी तिच्याकडे जात होते, पाणी भरून देत होते, आणि मनात मात्र एक लाजिरवाणा विचार सारखा येत होता की आता नवमीला आई कशी येणार? विधवा बाई त्या पाटावर चालत नाही. मी एवढी मोठी, बी.ए. झालेली मुलगी, पण लहानपणीसारखीच मागच्या दारात जाऊन बसायची. गोदाकाकूलाही ते कळलं असावं. एकदा तिनं माझ्या हातातून घागर घेतली आणि म्हणाली, "या बारीला मला न्हाई येता यायचं, विमे." तेवढंच.

नवमीसाठी आत्यानं बाजारपेठेतली एक सवाष्ण ठरवली होती. नवमीच्या सकाळी सगळा स्वयंपाक झाला, पाट मांडला, रांगोळी काढली आणि तिचा निरोप आला की ती अचानक बाजूला बसली आहे, येऊ शकत नाही. आत्यानं कपाळाला हात लावला.

"पान वाढायचं झालं, आन् आता कुठून आणू सवाष्ण? गावातल्या समद्या बाया आज कुणाच्या ना कुणाच्या पाटावर बसलेल्या!"

अण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, "विमलला बसव."

"विमलला? तिचं लग्न कुठं झालंय?"

"कुमारिका चालत न्हाई का?"

"चालती. देवीला चालती. नवमीला चालल्याचं मी तरी ऐकलं न्हाई. आन् पोटची पोर आईच्या पाटावर? असं कुणात करतेत?"

"आजपासून आपल्यात करतेत," अण्णा म्हणाले. आत्यानं कपाळावरचा हात काढला आणि ट्रंक उघडली.

तिनं मला सवाष्णीसाठी आणलेली हिरवी साडी नेसवली. पदर खोचताना पुटपुटत होती, पण पाय धुवायची वेळ आली तेव्हा गप्प झाली. माझ्याहून चाळीस पावसाळे जास्त पाहिलेली बाई वाकून माझे पाय धूत होती आणि मला पाय मागे घेता येत नव्हते, कारण ते माझे नव्हते. मग ती म्हणाली, "ये मथू, बस." मी बसले.

इथे जरा थांबून पुढचं सांगते. दिल्लीला गेल्यावर भाषा शिकण्यातच माझी काही वर्षं गेली. वरून खाली लिहिलेल्या त्या अक्षरांच्या रांगा मला गावाकडच्या बांबूच्या चिकाच्या पडद्यासारख्या वाटायच्या, पलीकडे कुणीतरी आहे पण दिसत नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. जुन्या चिनी विधींचं वर्णन वाचताना एक दिवस एक शब्द आला, 'शी'. पूर्वजांना जेवू घालायचं तेव्हा त्यांच्या जागी घरातलंच एक मूल, बहुधा नातू, बसवायचे. तेवढा वेळ तो मुलगा म्हणजे मेलेला आजोबा. त्याला वाढायचं, त्याला विचारायचं, तो तृप्त झाला की पूर्वज तृप्त झाले असं मानायचं. त्यामुळे बापच आपल्या मुलापुढे हात जोडून उभा राहायचा. वाचनालयात माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं मला विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" कारण मी पुस्तकावर डोकं टेकवून बसले होते. माझा प्रबंध, मग पुस्तक, मग तीस-बत्तीस वर्षांचं शिकवणं, सगळं त्या एका शब्दाभोवती फिरलं. चीनला जायची परवानगी मिळाली तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. तिथे काचेमागे ठेवलेली प्रश्नांची हाडं पाहिली. गाईबैलांच्या हाडांवर तिथले राजे मेलेल्यांसाठी प्रश्न कोरायचे: पीक येईल का? दात दुखतो तो कुठल्या पूर्वजाच्या रागामुळे? प्रश्न ढिगानं आहेत. खाली उत्तरं फार थोडी. लोक त्याला इतिहासकाराची अडचण म्हणतात. मला ती हाडं फार प्रामाणिक वाटली.

पण त्या सकाळी यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मी पाटावर बसले होते. आत्यानं वाढलं. मी जेवले, म्हणजे घास गिळले. आणि शेवटी अण्णा आले. गोदाकाकू असायची तेव्हा ते उंबऱ्याबाहेर, मान खाली घालून उभे राहायचे, परक्या बाईकडे बघायचं नाही म्हणून. ठरलेला एक प्रश्न विचारून परत फिरायचे. त्या दिवशी ते आत आले. माझ्या पानासमोर उभे राहिले, हात जोडले आणि थेट माझ्याकडे बघितलं. मी त्यांना त्याआधी कधीच बघितलं नव्हतं असं मला वाटलं.

"मथू," ते म्हणाले. आवाज मऊ, जरासा चाचरत. या आवाजात ते कुणाशी बोलत असतील, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. "तुझी लेक दिल्लीला जाते म्हणून राह्यली. जुन्या चिनी लोकांचं शिकायचं म्हणते. हुशार आहे. इकडं परभणीचं स्थळ आहे, त्येबी चांगलं आहे. मला काही ठरंना बघ. तू असतीस तर तुला विचारलं असतं. आता तू सांग. तू म्हणशील ते करतो."

आत्याच्या हातातली पळी तशीच राहिली.

मुलांनो, मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. जाऊ द्या. अण्णा शब्द पाळणारे. मी आईच्या पाटावरून ते म्हणाले असते, तर त्यांनी तसंच केलं असतं, आणि आयुष्यभर त्यांना वाटलं असतं की मथूनं सांगितलं. शब्द माझ्या तोंडात आले होते. त्यांची चव अजून आठवते, खिरीतल्या वेलदोड्यासारखी. पण ते बाहेर येईनात. मी आतल्या आत शोधत होते: ती काय म्हणाली असती? तिचा आवाज कसा? ती हट्टी होती की भोळी? मी गेलेलं तिला चाललं असतं का? आत काहीच नव्हतं. गोदाकाकूचा "हो का गं राणी" एवढाच आवाज होता.

"मला माहीत न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"आई काय म्हणाली असती ते मला माहीत न्हाई, अण्णा. मला आई माहीतच न्हाई."

"अगं, पाटावर बसून अण्णा काय म्हणतीस!" आत्या ओरडली. "काही राहिलं न्हाई म्हण! म्हण आधी!"

मी म्हणू शकत नव्हते. अण्णांचे जोडलेले हात हळूहळू सुटले. ते तिथेच, माझ्या पानासमोर, जमिनीवर बसले. बाहेर मालगाडीला इंजिन जोडल्याचा धक्का बसला आणि भांडी किणकिणली.

"बराबर आहे," अण्णा म्हणाले. "तुला कुणी सांगितलंच न्हाई." मग आत्याकडे वळून, जणू तिची परवानगी घेत असल्यासारखे, "आपण सांगितलंच न्हाई हिला."

"रडायची ना ती," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले, "ती न्हाईच म्हणाली असती. तिला तू नजरेआड झालेली चालायची न्हाई. पाण्याला जायची तर तू कडेवर. भाकरी थापताना तुला अशी समोर बसवायची, चुलीपासून लांब, पण दिसशील अशी. मी एकदा तुला फार्मवर घेऊन गेल्तो, तर घमेलं तसंच टाकून अनवाणी मागं आल्ती. दिल्ली म्हणलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं."

मी मान खाली घातली. मला उत्तर मिळालं होतं, खरंखुरं उत्तर, आणि ते माझ्या विरुद्ध होतं. डोळ्यांतलं पाणी पानावर पडत होतं. पण गंमत अशी की मला त्याच वेळी आईही मिळत होती, घमेलं टाकून अनवाणी पळत येणारी.

"मंग?" मी कसंबसं विचारलं.

"मंग काय," अण्णा म्हणाले, "मंग मी तिला समजावलं असतं."

"कसं?"

"ते आमचं आम्ही बघितलं असतं."

आत्यानं कोपरानं डोळे पुसले आणि खिरीचं भांडं माझ्या पानाजवळ आपटलं. "आता तरी म्हण गं बाई, काही राहिलं न्हाई म्हण. भुकेनं माझा जीव चालला." मी म्हणाले. मग सगळे जेवले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी परभणीला नकार कळवला.

त्यानंतर दिल्लीला निघेपर्यंतचे दिवस हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात श्रीमंत दिवस. अण्णा रोज संध्याकाळी फार्मवरून आले की काहीतरी सांगायचे. मी विचारायची गरज नसायची. बूट काढता काढताच सुरू: "तिला गाता येत न्हवतं, पण गायची." "दहीभात खाताना बोटं मोजल्यासारखी चाटायची." "एकदा माझ्याशी भांडून जालन्याच्या गाडीत बसली, आन् पुढच्या स्टेशनवरून परत आली, म्हणे तुमचा डबा करायचा राहिला." इतकी वर्षं त्यांनी हे कुठे ठेवलं होतं, देव जाणे. बांध फुटल्यासारखं येत होतं. दिवसाकाठी माझ्या आईत भर पडत होती, आणि तेवढाच माझा निघायचा दिवस जवळ येत होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपार कलताना, त्या वर्षी मला निरोप द्यायला थांबलेली आत्या माझ्यासाठी धपाटे भाजत होती. अण्णा ओसरीवर बसून सुपात तीळ निवडत होते. ते म्हणाले, "मथू चांगली उंच होती. त्या कोनाड्यापर्यंत तिचा हात पुरायचा."

मागच्या दारातून आवाज आला, "काय तरीच बोलताय भाऊजी! उंच कुठली? माझ्या खांद्याला लागायची ती." गोदाकाकू दारात उभी होती. नवरा गेल्यापासून ती आमच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. आत्यानं तिच्याकडे बघितलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "दारात काय उभी राह्यलीस, ये की आत. पीठ मळून दे मला."

ती आत येऊन बसली आणि तिची नि अण्णांची जुंपली.

"तुमच्या खांद्याला? मंग कोनाड्यातला दिवा कोण लावायचं?"

"पाटावर चढून लावायची! मीच पाट धरून उभी राहायची. तुमी फार्मवर, तुमाला काय ठाऊक?"

"लग्नात माझ्या कानाला लागल्ती ती."

"डोक्यावर बाशिंग होतं, भाऊजी!"

आत्या हसता हसता तव्यावरचं धपाटं उलटायचं विसरली. अण्णा लटकं रागावले. गोदाकाकूनं पिठाच्या हातानं हवेत माझ्या आईची उंची दाखवली, इतकी. अण्णांनी उठून भिंतीवर बोट टेकवलं, इतकी. पुढे माझ्या धंद्यात दोन साक्षी एकमेकींशी जुळेनात तेव्हा माझे सहकारी वैतागायचे. मी कधीच वैतागले नाही. त्या दोन उंच्यांच्या मधे कुठेतरी एक बाई उभी होती, आणि मी प्रथमच तिच्यासमोर बसले होते.

ट्रंक बांधून दाराशी ठेवली होती. सकाळची गाडी होती. मी त्या तिघांकडे बघत होते आणि मला एकदम असं झालं, की आत्ता, नेमकं आत्ता, हे सगळं बोलायला लागलेलं असताना मी कुठे चालले आहे? उद्या संध्याकाळी अण्णा बूट काढताना कुणाला सांगतील? ते जे सांगतील ते माझ्यापर्यंत कधी येणार?

"अण्णा," मी म्हणाले, "मी न्हाई जात. मला न्हाई जायचं. मी इथंच राहते."

अण्णांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मग गोदाकाकूकडे वळून म्हणाले, "ऐकलं का? आता बराबर मथूसारखी बोलली."

गोदाकाकूनं पदर तोंडाला लावला.

"अशी इकडं ये, बस," अण्णा मला म्हणाले, त्याच मऊ, जरा चाचरत्या आवाजात. मी जाऊन बसले, आणि दिवेलागणीपर्यंत ते मला समजावत राहिले.